जुळ्यांचं निदान

“इतरांना न ऐकू येणारे आवाज तुम्हाला ऐकू येतात का?” जगभर सगळ्यांना ज्या शब्दांत विचारतं त्याच शब्दांत मनोरुग्णालयातल्या निदान करणाऱ्या यंत्राने भार्गवला विचारलं.

“येतात,” तो म्हणाला. त्या आवाजांमुळेच गाव त्याला महाराज मानायचं. त्याचा जुळा भाऊ मल्हार मात्र असेच आवाज ऐकतो म्हणून कित्येक वर्षं याच मनोरुग्णालयात होता.

यंत्राने दोघांची उत्तरं आणि जनुकं पडताळली आणि निदान एकच दिलं: स्किझोफ्रेनिया.

“मग एकाची पूजा आणि दुसऱ्याला कोंडून ठेवायचं, हे कसं?” त्यांची बहीण रेवती डॉक्टरांना म्हणाली. “दोघांनाही औषध द्या. मल्हारला मी आजच घरी नेते.”

डॉक्टरांनी मान्य केलं.

तिघं गावी परतले. वेशीवर भक्त पाया पडायला वाकले, तेव्हा भार्गवने त्यांना थांबवलं.

“मी आजारी आहे,” तो मल्हारचा हात धरून खणखणीत आवाजात म्हणाला, “आणि हा माझा भाऊ आहे.”