मांडीवरचा हात

"मैनुद्दीनभाई, हाणा की घोडं! ह्यांचा हात लई गार पडलाय."

टांगा अक्कलकोट रोडवरून दवाखान्याकडं धावत होता. सोजरबाई मागं बसली होती. तिच्या डाव्या अंगाला नवरा तिप्पण्णा, अगदी चिकटून, पांढराफटक. तिच्या मांडीवर हात पडला होता, निपचित, जड. पदराखाली घेऊन उजव्या हातानं ती तो चोळत होती, न्हालेल्या लेकराचं अंग चोळावं तसा.

तासाभरापूर्वी दोघं जेवायला बसली होती. तिप्पण्णाला कापडाच्या कारखान्यात मागावर जायचं होतं. एकाएकी ताट उपडं झालं, कालवण सांडलं. शेजारची मल्लव्वा ओरडत आली, "अंगावरनं वारं गेलं ग बाई! कबुतराचं रगत चोळा."

"तुझ्याच तोंडाला चोळ!" सोजरबाई कडाडली होती. "टांगा बोलवा आधी."

पुढं बैलगाड्यांची रांग आडवी आली. मैनुद्दीननं लगाम खेचला.

"भाभी, तुमी बोलू नका. गप बसा जरा."

"गप कशी बसू? दुष्काळात खडी फोडलीय ह्या हातानं. ह्यो गेला तर माग कोन चालवंल?"

"सोजर..." तिप्पण्णाच्या घशातून कसंबसं निघालं.

"तुमी तर बोलूच नगा! लग्नात हात धरताना किती लाजला व्हता. आता धरलाय तर सोडू नगा."

त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत राहिलं.

गाड्या हलल्या. टांगा सुटला.

दवाखान्याच्या पायरीशी डॉक्टर स्वतः आले. कधी झालं, कसं झालं, सगळं सोजरबाईनंच घडाघडा सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं.

"मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली असणार. म्हणून डावं अंग लुळं पडलंय. अशा झटक्यात कधीकधी आपलं अंगही ओळखू येत नाही."

"हात पुन्यांदा चालंल न्हवं, डॉक्टरसायेब? तेवढंच सांगा."

डॉक्टर तिच्याजवळ वाकले. मग त्यांनी पदर बाजूला सारला आणि तो हात उचलून तिच्या डोळ्यांसमोर धरला.

"बाई, नीट बघून सांगा. हा हात कुणाचा?"

"कुनाचा म्हंजे? माझ्या मालकाचा की!"

टांग्यातून खाली उतरून तिप्पण्णा डॉक्टरांपुढं दोन्ही हात जोडून उभा होता. डॉक्टरांनी उचललेल्या हातातला हिरवा चुडा किणकिणत कोपराकडं घसरला.