पाठीमागचे दार

न्याय करणाऱ्यापुढे स्वतःची लेक उभी राहावी, यासारखे दुर्दैव नाही. कठोर झाले तरी काळीज तुटते आणि मऊ झाले तरी तुटते. इलायसने कठोर होणे पत्करले होते.

जुन्या प्रार्थनामंदिरात व्यासपीठ लांब भिंतीच्या मध्यभागी होते आणि त्याच्या दोन्ही अंगांना दारे. आत पाऊल टाकणाऱ्याला साऱ्या मंडळीच्या नजरांना सामोरे जावे लागे. लग्नावाचून दिवस गेलेली लौरी अशीच एका संध्याकाळी बाकांसमोर येऊन उभी राहिली होती. तिला मंडळीबाहेर काढण्यासाठी पहिला हात वर केला तो पंच म्हणून तिच्या बापाने. दुसऱ्याच दिवशी ती दक्षिणेकडच्या लोखंडाच्या भट्ट्यांकडे निघून गेली.

"या घरात तिचं नाव निघायचं नाही," इलायसने बायकोला, मार्गेडला, बजावले. ते निघाले नाही.

वर्षे उलटली. मंदिर नव्याने बांधायचे ठरले, तेव्हा इलायस हटून बसला. व्यासपीठ पलीकडच्या टोकाला न्या, दारे मंडळीच्या पाठीशी घ्या.

गवंडी गुटो हसला. "म्हणजे उशिरा येणाऱ्यांची चंगळ! माझी बायको तुम्हाला आशीर्वाद देईल, इलायस."

"तू भिंत बांध. तोंड घरी चालव."

"पण मागून कोण येतंय ते लोकांना कळायचं कसं?"

"कळायला नकोच आहे."

मार्गेड गवंड्यांसाठी ताक घेऊन आली होती. तिने भांडे खाली ठेवले. लेक परत आलीच, तर तिचे तोंड दिसू नये म्हणून हा माणूस दारे फिरवतो आहे, असा गावाने अर्थ लावला. मार्गेडला कुणी काही विचारले नाही.

नवे मंदिर उभे राहिले. पहिल्या रविवारी पंच व्यासपीठाखालच्या मानाच्या आसनावर बसले. गीताच्या वेळी रिवाजाप्रमाणे ते उठून मंडळीकडे वळले. उपदेशक सोडला तर दाराकडे तोंड होते ते त्यांचेच. इलायस गाता गाता थांबला. मग दर रविवारी तो तसाच थांबू लागला.

हिवाळ्यातल्या एका रविवारी घरी परतताना मार्गेडने विचारले, "दारात कुणाला शोधता हो तुम्ही?"

तो वाटेतच थांबला.

"लौरीला," तो म्हणाला. "दार मागं असलं की कुणी बघायच्या आत तिला दारालगत सज्जाखालच्या बाकावर टेकता येईल. मोजे विकायला दक्षिणेला जाणाऱ्यांबरोबर निरोप धाडलाय मी. ये म्हणावं, आता कुणासमोर उभं राहायला नको." मग तो तिच्याकडे वळला. "येईल ना गं ती?"

मार्गेडने त्याचा हात आपल्या शालीत घेतला.

"वाट लांबची आहे," ती म्हणाली. "थंडी सरू दे."

नव्या मंदिराचा पाया खणला जाण्यापूर्वीच, मोजे विकून परतलेल्या एका बाईने मार्गेडला सांगितले होते, की लौरीला आणि तिच्या लेकराला पटकीच्या साथीत एकाच खड्ड्यात मूठमाती मिळाली. पण नाव न काढता ही बातमी घरात सांगायची कशी, हे त्या माउलीला उमगले नव्हते. ईश्वर त्या वाट पाहणाऱ्याला क्षमा करो, आणि त्याला वाट पाहू देणारीला बळ देवो.