झोपेतली बोटं

रविवारी दुपारी जेवून नवरा सोफ्यावर आडवा झाला आणि क्षणात घोरायला लागला. तीन आठवडे त्याने सुट्टी घेतली नव्हती; नवं अ‍ॅप दुसऱ्या दिवशी लोकांसमोर जायचं होतं. झोपेतही त्याची बोटं उशीवर टकटक करत होती. बायकोला हसू आलं. "बघू तरी, साहेब झोपेत काय काम करतात," म्हणत तिने लॅपटॉप उघडून त्याच्या हातांखाली सरकवला. पडद्यावर भराभर कोड उमटायला लागला. तीही त्याच धंद्यातली, पण तिला एकही चूक सापडेना. मग एक ओळ आली, 'हो सर, आजच देतो.' पुन्हा तीच, पुन्हा तीच. तिचं हसू मावळलं. कानाशी वाकून ती हळूच म्हणाली, "पुरे आता. उठतोस का?" बोटं थबकली. मग सावकाश एकेक अक्षर उमटलं, 'त्याला उठवू नका. तो उठला की आम्हाला पुन्हा कामाला जुंपतो.' तिने त्याला उठवलं नाही; ऑफिसचा फोन वाजला, तोही उचलला नाही. संध्याकाळी तो उठला आणि त्या ओळी वाचून पांढराफटक पडला. "हे तू लिहिलंस?" "नाही," ती म्हणाली. बराच वेळ तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. "उद्यापासून महिनाभर रजा घेतो," तो म्हणाला, "पण अर्ज तू लिही. माझ्या हातांचा भरवसा नाही." ती लिहीत होती तेव्हा तो हात मांड्यांखाली दाबून शेजारी बसला होता. तिने अर्ज पाठवला आणि मांड्यांखाली इतका वेळ चाललेली चुळबुळ थांबली.