बदलून आणते

“संपलं का?” लेकीने दारातूनच विचारलं. खांद्याला पिशवी, पायात चपला.

“वीस पानं राहिलीत,” खुर्चीतली आई म्हणाली. “थांब की जरा. खुनी कोण ते आत्ता कुठे कळायला लागलंय.”

लेक थांबली. आईसाठी थांबायची तिला जुनी सवय होती.

अकरा वर्षांची असताना ती जिन्यावरून पडली आणि ऐन सुट्टीत पाय प्लास्टरमध्ये गेला. झालं, अख्खा उन्हाळा खिडकीजवळच्या पलंगावर. तेव्हा आईनेच लायब्ररी लावली आणि रोज एक रहस्यकथा आणायला सुरुवात केली. पोरीला असं काही वेड लागलं की ताट गार झालं तरी डोकं पुस्तकातून वर निघायचं नाही. राखेवरून सिगारेट, चिखलावरून बूट, सगळं बरोबर ओळखायची. निम्म्या पुस्तकातच खुनी सांगून टाकायची, आणि शेवटी तोच निघाला की दिवसभर भाव खायची. “काय इन्स्पेक्टर, सापडला का चोर?” आई हसून विचारायची. “मग संपव पटकन. दे, बदलून आणते.”

पोरगी आणखी भराभरा वाचायची. दिवसाला एक, पुढे पुढे दोन. आई दोन-दोन खेपा घालायची, कधी कुरकुर म्हणून नाही. पिशवी जाताना फुगलेली असायची, येताना चपटी. हे आमच्या इन्स्पेक्टरने रोज डोळ्यांनी पाहिलं. एक पुस्तक जातं, एकच येतं, मग पिशवी अशी कशी, एवढं मात्र तिच्या डोक्यात आलं नाही.

प्लास्टर निघायच्या आदल्या दिवशी आई पुस्तक बदलायला गेली ती गेलीच. संध्याकाळी बापाने कपाट उघडलं. आईच्या कप्प्यात डांबरगोळ्या तेवढ्या उरल्या होत्या. तो पलंगापाशी आला आणि पोरीकडे बघत उभा राहिला.

“अख्खा उन्हाळा चोर पकडत होतीस ना?” तो म्हणाला. “घरातला नाही दिसला?”

पुढे वीस वर्षं तो जगला, पण या विषयावर पुन्हा बोलला नाही. तेवढं पुरलं. आपण जितकं भराभरा वाचलं तितकी आई लवकर गेली, हे पोरीचं पोरीलाच कळलं, आणि ते तिने कोणाला सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आई परत आली. ज्याच्यासाठी गेली होती तो वारला होता, आणि त्याच्या मुलांनी तिला दार दाखवलं होतं. लेकीने मुकाट्याने घरात घेतलं. का गेलीस म्हणून विचारलं नाही, एक वेडावाकडा शब्द काढला नाही. गुडघे पार गेलेल्या आईला उठवायचं, बसवायचं, न्हाऊ घालायचं, कपाटातून कपडे काढून द्यायचे, सगळं तीच करायची. शेजारणी म्हणायच्या, लेक असावी तर अशी. आईला तर उठताबसता भरून यायचं. त्यात उन्हाळा लागल्यापासून लेक लायब्ररीतून रोज रहस्यकथाही आणू लागली होती.

“पिशवी जड दिसते ग,” आई चष्म्यावरून बघत म्हणाली.

“पुस्तक आहे.”

“पुस्तक तर माझ्या हातात आहे.”

पिशवीत आईची शाल होती. ती शेवटची. बाकीचे कपडे गेल्या दीड महिन्यात एकेक करून गावाबाहेरच्या वृद्धाश्रमातल्या कपाटात जाऊन बसले होते. आईला न्यायला गाडी उद्या सकाळी यायची होती.

आईने पिशवीकडे नीट पाहिलं. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. मग तिने पानं मागे उलटली, पार पहिल्या पानापर्यंत.

“हे मी परत पहिल्यापासून वाचते ग,” ती म्हणाली. “अगदी हळूहळू. तुला घाई नाही ना?”

“बायकोनेच मारलंय त्याला,” लेक म्हणाली आणि तिने हात पुढे केला. “दे, आई. बदलून आणते.”