गाळलेला तास

कळंब्याच्या ऑफिसात शिरल्यावर बायडाबाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. मुरगूडहून सकाळच्या एसटीनं आल्या होत्या. डोक्यावरचा पदर सावरत थेट पूर्णिमाच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"वारं तुमीच मोजता म्हनं, मॅडम. माझ्या केरबाला वाऱ्यानंच पाडलं न्हवं? एवढं सांगा, लगीच जातो मी."

त्यांचा मुलगा केरबा पठारावरच्या मनोऱ्यावर वारा मोजायच्या वाट्या बदलायला चढला आणि वरून पडला, त्याला महिना झाला होता. तिथं पवनचक्क्या उभ्या राहायच्या होत्या. पुढची वीस वर्षं तिथं किती वारा वाहील, हे त्या मनोऱ्याच्या आकड्यांवरून पूर्णिमाच ठरवत होती.

मनोऱ्यावर माणूस चढला की त्याच्या अंगानं वारा अडतो आणि आकडे चुकतात. म्हणून तेवढा वेळ गाळायचा आणि तिथं खिंडीपलीकडच्या मनोऱ्यावरून अंदाज भरायचा, ही कामाची रीतच होती. केरबाचा शेवटचा तास तिनं असाच गाळला होता. अंदाजात तिथं झुळूक होती. गाळलेला आकडा मात्र अजून कॉम्प्युटरात होता. केरबाच्या अंगानं वारा अडूनसुद्धा तो इतका होता की तेवढ्या वाऱ्यात कुणाला वर पाठवायला बंदी होती. पाठवणारे अमरसिंह साहेब दारातच उभे होते.

"वारा फार नव्हता, मावशी," पूर्णिमा म्हणाली. आपण किती सहज बोललो याची तिला शिसारी आली.

"मी तेच सांगत होतो," साहेब म्हणाले. "पट्टा लावला नसणार त्यानं. यांना चहा सांगा." आणि सुटका झाल्यासारखे आत निघून गेले.

बायडाबाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

"म्हंजे वारं न्हवतंच."

पूर्णिमानं होकारार्थी मान हलवली.

"त्या दिशी भांडलो हुतो आमी. न जेवताच निघाला. मी दारातनं वरडलो, जा, मर तिकडंच."

पूर्णिमानं काही बोलायला तोंड उघडलं. बायडाबाईंनी हातानंच तिला थांबवलं.

"माझा शब्द त्यानं कवाच मोडला न्हाय, मॅडम."