अर्धा स्पंज

"फिल्टरमधला स्पंजसुद्धा धुतलात?" फिश टँकच्या दुकानदारानं फोनवर विचारलं.

"धुतला म्हणजे काय, चांगला ब्लीचमध्ये बुडवून ठेवला होता," सून कौतुकानं सांगायला गेली. दुकानदारानं तिला मध्येच तोडलं.

"अहो ताई, माशांची घाण पचवणारे जंतू त्या स्पंजातच राहतात. ते मेले. आता मासे स्वतःच्याच घाणीनं मरताहेत. साठवलेलं पाणी घालून टँकमधलं अर्धं पाणी बदला आणि कुठल्या तरी चालू टँकमधला मळका स्पंज आणून लावा. आत्ताच्या आत्ता. मी परगावी आहे, दुकान बंद आहे."

तिनं पाणी बदललं. तरी मासे वरच तोंडं काढून आ वासत होते आणि एक तर आडवाच झाला होता. काच मात्र अशी लखलखत होती की बघत राहावं. सासरे दवाखान्यातून घरी येणार म्हणून तिनं मागच्या आठवड्यात हौसेनं घासून काढलेली. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली होती. नवरा त्यांना रोज फोनवर त्यांचे हे मासे दाखवायचा, तेवढ्यापुरता त्यांच्या डोळ्यांत जीव यायचा. आणि आता त्यांची गाडी दवाखान्यातून निघाली होती.

बिल्डिंगमध्ये दुसरा टँक एकच होता. खालच्या मजल्यावरच्या टेलरबाईंचा, जिन्यात ठेवलेला, शेवाळानं हिरवागार. त्याला वास मारतो म्हणून सोसायटीकडे लेखी तक्रार कुणी केली होती? हिनंच. तेव्हापासून दोघी समोरासमोर आल्या की मोबाइलमध्ये डोकं घालायच्या.

ती धावत खाली उतरली. जिन्यातली जागा रिकामी होती. तिनं बेल वाजवली.

"काय, आता माझ्या मशीनचा आवाज येतो का वरती?" टेलरबाईंनी दारातच विचारलं.

"तुमचा टँक कुठे गेला?"

"काढला सकाळीच. तुमच्याच कृपेनं."

सुनेनं सगळं एका दमात सांगून टाकलं. ब्लीच, मासे, सासरे. "तुमच्याकडचा मळका स्पंज हवा होता," असं म्हणताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टेलरबाई आत वळल्या. ती मागोमाग गेली. बाथरूममध्ये एका बादलीत त्यांचे मासे दाटीवाटीनं फिरत होते आणि मधोमध काळाकुट्ट स्पंज बुडबुडे सोडत होता.

"दुसरी जागा मिळेपर्यंत या माशांनाही ह्या स्पंजावरच दिवस काढायचेत," टेलरबाई म्हणाल्या. त्यांनी नाही म्हटलं असतं, तर कुणी त्यांना नावं ठेवली नसती.

मग त्यांनी कापडाची मोठी कात्री आणली. एरवी त्या तिला कागदसुद्धा लागू देत नसत. त्यांनी स्पंज मधोमध कापला आणि एक तुकडा सुनेच्या हातावर ठेवला. काळं पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळलं. तिचा दुसरा हात सवयीनं नळाकडे गेला.

"खबरदार धुतलात तर!" टेलरबाई ओरडल्या आणि तिच्यापाठोपाठ जिना चढू लागल्या.

फिल्टरमध्ये स्पंज बसला. टँकमध्ये काळपट ढग पसरला. दोघी काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. आडवा झालेला मासा गेलाच. बाकीचे तसेच आ वासत होते. किती तरी वेळानं त्यातला एक तोंड मिटून खाली गेला. मग दुसरा. सुनेला रडू आलं.

खाली गाडीचं दार लागलं. "बाबा, सावकाश," नवऱ्याचा आवाज आला.

"आणि तुमचे?" सुनेनं डोळे पुसत विचारलं. "त्यांचं भागेल अर्ध्यात?"

"भागायला हवं." टेलरबाईंनी काळे हात गाऊनला पुसले. "नाहीच भागलं, तर बादली घेऊन मी वर येईन. तेव्हा दार उघडाल ना?"