लाफनेचाच्या काड्या

छाटलेल्या द्राक्षकाड्यांची कवळ व्हेरेनाने पत्र्याच्या पिंपातल्या जाळावर धरली, तेवढ्यात खालच्या दगडी बांधाकडून हाक आली.

"ताई, टाकू नकोस!"

ओडिलो. तिचा धाकटा भाऊ. अठरा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. चर्चमध्ये तो उजवीकडे बसायचा, ती डावीकडे. धापा टाकत तो मळ्यात चढून आला आणि फेब्रुवारीच्या त्या वाऱ्यातही त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"काय पाहिजे?"

"काड्या. कलमं करायला. या उतारावर लाफनेचाची वेल आता फक्त तुझ्याकडे राहिलीय."

व्हेरेनाने हात मागे घेतला नाही. वाटणीनंतर त्याने आपल्या हिश्श्यातल्या, वडिलांनी लावलेल्या लाफनेचाच्या वेली उपटल्या, तेव्हा ती कुदळींच्या समोर जाऊन उभी राहिली होती.

"'आंबट पाण्यासाठी कसली रडतेस,' असं चारचौघांत कोण म्हणालं होतं?"

"मी."

"मग?"

"आंबट तर आहेच. पण माझ्या नव्या वेली दोन उन्हाळ्यांत होरपळल्या. तुझ्या बघ कशा आहेत." तो थांबला. "आणि तेवढंच नाही, ताई. परवा बाबांची वाइन आठवायला गेलो. जीभ फिरवून फिरवून दमलो. चवच येईना."



"फळ धरणार तिसऱ्या वर्षी. वाइन मुरणार त्याच्याही पुढे. तू बहात्तरचा."

"एकाहत्तर. बाबा सांगायचे ना, लाफनेचा म्हणजे 'इतक्यात पिऊ नको'. थांबेन मी."

"थांबायला आत्ता शिकलास?"

"आत्ताच."

धग मनगटाला लागली तशी तिने कवळ बांधावर ठेवली. खाली बसून ती एकेक काडी पारखू लागली. पेन्सिलीएवढ्या जाड, चांगल्या डोळ्यांच्या काड्या बाजूला. बारीक, वेड्यावाकड्या जाळात. प्रत्येक काडी जाळात पडली की ओडिलोची नजर तिच्यामागे जायची.

मोळी झाली. व्हेरेनाने खिशातून वाळुंजाची ओली, दोरीसारखी वळणारी फांदी काढून मोळीभोवती गुंडाळली. गारठ्याने बोटं वळत नव्हती. गाठ सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. ओडिलो दोन पावलांवर नुसता उभा होता.

"बघतोस काय?" मान वर न करता ती म्हणाली. "बोट ठेव इथे."